थंड पाण्यातील मासेमारीची केबिन-बोट

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांभोवती जानेवारी ते एप्रिल या काळात कॉड मासा अंडी घालण्यासाठी येतो, आणि त्याच्या मागावर जाणारी छोटी बोट निवडताना वेगाआधी पाण्याच्या तापमानाचा विचार करावा लागतो. कारण पाच-सहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात पडलेल्या माणसाचा पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही आणि सुमारे 10 मिनिटांत त्याची बोटे दोर धरण्याइतकीही वळत नाहीत. म्हणूनच पाण्यात असतानाच खाली ओढता येणारी शिडी केबिनमधल्या कोणत्याही सोयीहून मोलाची ठरते.

दुसरा धोका हिमलेपाचा, म्हणजे उडालेले तुषार छपरावर, कठड्यांवर आणि दोरांवर गोठून साचण्याचा. हे वजन उंचावर वाढत गेले की बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, कललेली बोट आधी सावकाश सरळ होते आणि अखेरीस होतच नाही. त्यामुळे उंच, ऐसपैस केबिन कितीही लोभस वाटली तरी येथे बुटकी केबिनच योग्य. केबिन तापवणाऱ्या डिझेल हीटरचा धूर बाहेर सोडणारी नळी आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र नसेल, तर स्वस्तात मिळणारी बोटही घेऊ नये.