गाय व्याली, पण वार पडली नाही



गाय व्याली, वासरू उभं राहिलं, घरात खरवस झाला, की आपण समजतो काम झालं. खरं म्हणजे पुढचे तीन आठवडे गायीला सर्वांत नाजूक असतात. विताना गर्भाशयाचं तोंड उघडं असतं आणि शेणामुतातले रोगजंतू त्या वाटेनं आत शिरतात. हे जवळजवळ प्रत्येक गायीत घडतं. धडधाकट गाय ते आपणच बाहेर टाकते; गर्भाशय आकसत जातं आणि साधारण चाळीस दिवसांत मूळ आकारावर येतं. पण वार अडकली, वासरू ओढून काढावं लागलं, जुळी झाली किंवा वासरू मेलेलं निघालं, तर जंतूंचं फावतं.

वार म्हणजे जिला कुणी जार म्हणतात, कुणी झार. ती बहुधा आठ ते बारा तासांत पडते. त्याहून उशीर झाला तर अडकली समजा आणि दवाखान्यात कळवा. तोवर एक करू नका : हात घालून ओढू नका. लोंबणाऱ्या वारेला विटेचा तुकडा किंवा जुनी चप्पल बांधायची, म्हणजे वजनानं ती निघेल, असं अजूनही कुठं कुठं करतात. वार आतून बटणासारख्या गाठींना घट्ट चिकटलेली असते. ओढली की गाठी फाटतात, रक्त वाहतं, अर्धी वार तुटून आतच राहते आणि कुजते. पूर्वी डॉक्टरसुद्धा हात घालून वार सोडवीत. आता गायीला ताप नसेल आणि ती खातपीत असेल, तर तिच्यावर नजर ठेवून वार आपोआप सुटू देणं बरं, असं मानतात. लोंबणारा भाग जमिनीला घासत असेल तर तेवढा स्वच्छ कात्रीनं कापून टाका.

दुसरी एक समजूत सोडून द्या. वार पडल्याशिवाय धार काढायची नाही, वासराला चीक पाजायचा नाही, असं बऱ्याच घरी पाळतात. हे उलटं आहे. वासरू सडाला लागलं की गाय पान्हा सोडते, आणि ज्या रसानं पान्हा येतो त्याच रसानं गर्भाशयही आकसतं. शिवाय वासराची रोगाशी झुंजण्याची ताकद चिकातूनच येते. तेव्हा तासाभरात वासराला पाजाच.

आता मैला पाहायला शिका. व्याल्यावर सुरुवातीला तांबूस-तपकिरी, दाटसर मैला पडतो, त्याला घाण वास नसतो. तो रोज कमी होत दोन-तीन आठवड्यांत थांबतो. तेवढ्यानं घाबरू नका. मात्र पहिल्या दहा-बारा दिवसांत मैला पातळ, विटकरी पाण्यासारखा झाला आणि गोठ्यात शिरताच कुजका वास आला, तर गर्भाशय सडायला लागलं आहे. गाय वैरण टाकते, दूध आटतं, डोळे खोल जातात. घरात थर्मामीटर असू द्या. गुदद्वारात धरून पाहिलं तर गायीचं अंग १०१ ते १०२ अंश भरतं. १०३ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर हवा. अशी गाय दगावूही शकते. इंजेक्शनं सांगितली तितके दिवस पूर्ण द्या, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध विकू नका, घरातही वापरू नका.

याहून फसवा प्रकार पुढं असतो. ताप नाही, गाय खाते, दूध देते. पण आत थोडा पू राहिलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. गाय माजावर आली की जो चिकट सोट गळतो तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, काचेसारखा स्वच्छ हवा. त्यात पांढऱ्या-पिवळ्या गुठळ्या दिसल्या तर त्या माजाला रेतन करू नका, आधी उपचार. नाहीतर गाय उलटते. एक माज वाया म्हणजे २१ दिवस, चार माज वाया म्हणजे ८४ दिवस. तेवढे दिवस खाणं चालू, गाभण मात्र नाही.

कधी कधी गर्भाशयात पू साठून राहतो आणि गाय माजावरच येत नाही. मालक म्हणतो, गाय ठरली! सात-आठ महिने वाट पाहतो, आणि पोटात वासरूच नसतं. म्हणून रेतनानंतर अडीच-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्याच.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणखी एक अडचण आहे. गाय कळपाबरोबर रानात जाते, तिथंच विते, आणि वार पडली की नाही हे गुराख्यालाही ठाऊक नसतं. जड झालेली गाय कळपामागं रेंगाळते, वाघाची भीती वेगळीच. शेवटचे पंधरा दिवस तिला घरीच ठेवा. खाली कोरडं तणीस अंथरा. नुसत्या तणसावर गायीचं भागत नाही. मूठभर ढेप आणि खनिज मिश्रण शेवटच्या दोन महिन्यांत दिलं तर वार अडकण्याचा धोका घटतो. आपली कठाणी गाय दूध थोडंच देते, पण तिचाच गोऱ्हा धानाच्या चिखलात नांगर ओढतो. तिचं एक वेत चुकलं की बैल चुकला.

गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडली आणि वार अडकली, तर ब्रुसेलोसिसचा संशय धरा. हा रोग माणसालाही होतो, ताप महिनोन्‌महिने उलटत राहतो. वारेला उघड्या हातानं शिवू नका, कुत्र्यांना खाऊ देऊ नका, चुना टाकून खोल पुरा, दूध उकळूनच घ्या. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच याची लस देतात. २०१९ पासून ती केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून मिळते. गोऱ्ह्यांना आणि गाभण गायींना ती देत नाहीत.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा फोन १९६२ आहे. पावसाळ्यात भामरागड-एटापल्लीकडं नाले भरले की गाडी अडते. त्या दिवसांत गाय विणार असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, साबण, थर्मामीटर आणि स्वच्छ दोरी हाताशी ठेवा.