डाऊनी बुरशी नव्हे, मग कोण?

दिवाळीच्या सुमारास नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला धास्ती असते ती ढगांची. ऑक्टोबर छाटणी झालेली, फुटवे कोवळे, आणि नेमका तेव्हाच पाऊस येतो. पानं ओली राहिली की वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग उमटतात, खालून पांढरी लव येते. डाऊनी आली. पुढे हवा कोरडी झाली की पानांवर आणि मण्यांवर पांढुरकी भुकटी दिसू लागते, ती भुरी. बोलताना दोन्ही ‘बुरशी’च, पण औषधं वेगळी. भुरीवर चालणाऱ्या हेक्झाकोनॅझोलला डाऊनी दाद देत नाही आणि डाऊनीवरच्या मेटॅलॅक्झिलला भुरी.

हेक्झाकोनॅझोल बुरशीच्या पेशीपटलातलं अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. डाऊनी ते बनवतच नाही, कारण ती बुरशीच नव्हे. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची असते, डाऊनीच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्यात दोन शेपट्या हलवत पोहत जातात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. नात्याने ती मालवणच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या सरगॅसमसारख्या तपकिरी शैवालांच्या जवळची. १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा कुजवून दुष्काळ आणणारा करपा याच गोतावळ्यातला.

दिसायला बुरशी, वंशाने कोणी भलतंच. सजीवांच्या वर्गीकरणाचा सगळा इतिहास म्हणजे या दोन कसोट्यांमधली ओढाताण आहे.

स्वीडनच्या कार्ल लिनिअस यांनी १७३५ मध्ये ‘सिस्टेमा नॅचुरी’त निसर्गाचे तीन भाग केले: प्राणी, वनस्पती आणि खनिजं. जागची न हलणारी अळंबी साहजिकच वनस्पतींत गेली. पण सूक्ष्मदर्शकाखाली युग्लीनासारखे जीव दिसू लागले आणि पंचाईत झाली. युग्लीना हिरवा आहे, सूर्यप्रकाशावर अन्न करतो आणि शेपटी हलवत पोहतोही. वनस्पतीशास्त्रज्ञ त्याला आपला म्हणत, प्राणीशास्त्रज्ञही. १८६६ मध्ये जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेल यांनी अशांसाठी प्रोटिस्टा ही सजीवांची तिसरी सृष्टी सुचवली. खरं सांगायचं तर प्रोटिस्टा म्हणजे घरातला माळा. ज्याला कुठे जागा नाही ते तिथे टाकायचं. पुढे १९३८ मध्ये हर्बर्ट कोपलँड यांनी केंद्रक नसलेल्या जीवाणूंना वेगळं काढलं, ते मोनेरा.

१९६९ मध्ये अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटाकर यांनी मांडलेली पंचसृष्टी आपल्याकडे शाळेत शिकवतात: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. त्यांनी पेशीच्या रचनेइतकंच महत्त्व पोषणाला दिलं. वनस्पती अन्न तयार करतात, प्राणी गिळतात, कवकं बाहेर पाचकरस सोडून शोषून घेतात. अळंबीला स्वतःचं घर मिळालं. नंतर १९९३ मध्ये रेणूंच्या तुलनेतून दिसलं की कवकं वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. अळंबी शाकाहारी की मांसाहारी, हा घरोघरचा वाद शास्त्राने मिटवला नाही, चिघळवला.

या जवळिकीची किंमत आपण मोजतो. बुरशीची पेशी बऱ्याच अंशी आपल्यासारखीच चालते, त्यामुळे तिला मारून आपल्याला सोडणारी औषधं थोडी. आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल आणि तिच्यात अर्गोस्टेरॉल, हा एक उपयोगी फरक. गजकर्णाच्या मलमातलं क्लोट्रिमॅझोल आणि बागेतलं हेक्झाकोनॅझोल एकाच ठिकाणी घाव घालतात.

खरा हादरा मात्र बसला तो मोनेराला, आणि दिला एका भौतिकशास्त्राच्या वाटेने आलेल्या माणसाने. इलिनॉय विद्यापीठातले कार्ल वोज एकच प्रश्न धरून बसले होते: जीवाणूंची आपसांतली नाती कशी ठरवायची? ते सगळे दिसतात काड्या नाहीतर ठिपके. वोज यांनी रायबोसोम निवडला. प्रथिनं बनवणारं हे यंत्र प्रत्येक पेशीत असतं आणि त्यातला आरएनए फार सावकाश बदलतो. म्हणजे दोन जीवांच्या आरएनएतला फरक किती, यावरून त्यांची ताटातूट किती जुनी याचा अंदाज येतो. जीवाणू किरणोत्सारी फॉस्फरसवर वाढवायचे, आरएनएचे तुकडे पाडायचे, मग प्रकाशाच्या टेबलावर फिल्म ठेवून ठिपके वाचायचे. हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

सहकारी राल्फ वुल्फ मिथेन बनवणाऱ्या जीवांवर काम करत. हे जीव गोबरगॅसच्या टाकीत असतात, गाईच्या पोटात असतात. त्यांच्या फिल्मवरचे ठिपके जीवाणूंशी जुळेनात, केंद्रकवाल्या पेशींशीही जुळेनात. वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये ते छापलं, आणि ३ नोव्हेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी झळकली. वैज्ञानिकांना हे आवडलं नाही. एका नोबेल विजेत्याने वुल्फ यांना फोन करून या प्रकारापासून दूर राहायला सांगितलं. १९९० मध्ये वोज यांनी सृष्टींच्याही वर तीन डोमेन मांडली: बॅक्टेरिया, आर्किया (मिथेन बनवणारे ते जीव यांतलेच) आणि केंद्रकवाले. उत्क्रांतिशास्त्रातले बुजुर्ग अर्न्स्ट मेयर यांनी १९९८ मध्येही ठासून सांगितलं की गट दोनच, केंद्रक नसलेले आणि असलेले.

सृष्टी नेमक्या किती, यावर आजही एकमत नाही. २०१५ मधली एक मांडणी सात धरते, आणि तिच्यात डाऊनीला क्रोमिस्टा या सृष्टीत जागा आहे. अनेक संशोधक सृष्टी हा शब्दच टाळून फक्त वंशवृक्षाच्या फांद्या मोजतात. शाळेत पाच शिकवायला माझी हरकत नाही, पण हा आकडा माणसांनी ठरवलेला आहे हे तिथेच सांगायला हवं.

त्याच २०१५ मध्ये ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या दरम्यान समुद्रतळाच्या गाळात लोकी नावाच्या आर्कियाचा जनुकसंच सापडला. त्यात केंद्रकवाल्या पेशींची खास समजली जाणारी जनुकं होती. जपानी संशोधकांनी त्याचा एक नातलग प्रयोगशाळेत वाढवला, त्याला बारा वर्षं लागली. आता बरेच जण म्हणतात की केंद्रकवाले सगळे आर्कियाच्याच एका फांदीवरचे. तसं असेल तर वोज यांची तीन डोमेन दोनच उरतात आणि मेयर यांचा आकडा बरोबर येतो, फक्त त्यांनी आखलेली रेघ भलत्याच जागी होती.