दिव्यांग विद्यार्थी : शाळेकडून महाविद्यालयाकडे

शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात पाऊल टाकणे हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या जीवनातील महत्त्वाचा टप्पा होय. दिव्यांग विद्यार्थ्याच्या बाबतीत तो अधिक कसोटीचा ठरतो. गावच्या शाळेत त्याला ओळखणारे शिक्षक असतात. पुढच्या बाकावर जागा देणे, फळ्यावरील मजकूर वाचून दाखविणे, परीक्षेसाठी लेखनिक शोधणे या गोष्टी त्याने न मागताच होत असतात. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, मोठ्या वर्गात, असे आपोआप घडत नाही. तेथे आपली गरज आपणच सांगावी लागते. ही सवय नसलेला विद्यार्थी बुद्धिमत्ता असूनही मागे पडतो. महाराष्ट्रात तर अनेकांना ही कसोटी दोनदा द्यावी लागते : दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयात जाताना आणि बारावीनंतर पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. हे लक्षात घेता हा प्रश्न थोड्या कुटुंबांपुरता मर्यादित नाही, हे स्पष्ट होते.

कायद्याचे पाठबळ

१९९५ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ३ टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करण्यात आले असून अध्ययन अक्षमतेचाही त्यांत समावेश आहे. ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना ६ ते १८ वर्षे या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखीव असून प्रवेशाच्या कमाल वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत आहे.

परीक्षेच्या संदर्भात केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दर तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद करण्यात आली. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. लिहिण्यात खरोखरच अडचण असलेल्या दिव्यांग उमेदवाराला, त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असा तो निर्णय आहे.

मात्र राखीव जागा प्रवेशद्वारापर्यंत नेते. पुढची वाट चालण्याची तयारी आधीच व्हावी लागते. समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन, साहित्य व भत्ते हे साहाय्य बारावीपर्यंतच असते. त्यानंतर विद्यार्थ्याला मदतीचे मार्ग नव्याने शोधावे लागतात. म्हणूनच पूर्वतयारी नववीपासून सुरू होणे इष्ट आहे.

नववीपासूनची तयारी

पहिली बाब कागदपत्रांची. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र यांसाठी ऑनलाइन अर्ज करून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असेल तर ती मुदत प्रवेशाच्या ऐन हंगामात संपत नाही ना, हे पाहावे. निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्या पालकांच्या हातून राखीव जागा केवळ कागदाअभावी निसटू शकते.

दुसरी बाब साधनांची. दृष्टिहीन विद्यार्थ्याने ब्रेलबरोबरच संगणकावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरचा सराव शाळेतच करावा. एनव्हीडीए हे असे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते व ते मराठीही वाचते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात वाचनसुलभ स्वरूपातील पुस्तके उपलब्ध आहेत. लेखनिकाला उत्तर सांगणे हेही एक कौशल्य आहे. विरामचिन्हे, परिच्छेद आणि आकृतीचे वर्णन नेमक्या शब्दांत सांगण्याचा सराव सहामाही परीक्षांतूनच व्हावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे स्वतःची गरज स्वतः मांडणे. ‘मला ऐकू कमी येते; आपण फळ्याकडे तोंड करून बोललात तर ओठ दिसत नाहीत,’ असे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगता आले पाहिजे. शिक्षकांनी व पालकांनी दर वेळी पुढे होऊन बोलण्याऐवजी मुलाला बोलू द्यावे. प्राचार्यांना द्यावयाचा अर्जही त्यानेच लिहावा किंवा सांगून लिहवून घ्यावा.

विषयाची निवडही विद्यार्थ्याच्या आवडीने व्हावी. दृष्टी नाही म्हणून कला शाखा, असा ठराविक निर्णय घेण्यापूर्वी त्याच्याशी बोलणे आवश्यक आहे.

महाविद्यालयाची जबाबदारी

चाकाच्या खुर्चीचा वापर करणाऱ्या विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर ठेवण्यास निधी लागत नाही. वेळापत्रकात थोडा बदल पुरतो. उतरंड बांधावयाची असल्यास एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी, हे प्रमाण पाळले पाहिजे. तीव्र चढाची उतरंड केवळ दिखाऊ ठरते. वापरता येईल असे स्वच्छतागृह नसेल, तर विशेषतः मुलींचे शिक्षण तेथेच थांबण्याचा धोका असतो.

महाविद्यालये काय करू शकतात, याचे उदाहरण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र सुरू करून घालून दिले. लहान गावच्या महाविद्यालयाला एवढे शक्य नसले, तरी एक जबाबदार प्राध्यापक नेमणे, लेखनिकांची यादी तयार ठेवणे आणि टिपणे आधी देणे कोणालाही शक्य आहे.

गावाचा वाटा

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. सदस्यांनी गावातील नववी ते बारावीच्या दिव्यांग विद्यार्थ्यांची नोंद ठेवली, प्रमाणपत्र कोणाकडे नाही हे पाहिले आणि श्रवणयंत्र किंवा तत्सम साधनाची गरज वेळेवर ग्रामसभेपुढे आणली, तर या निधीचा योग्य विनियोग होईल.

दिव्यांग विद्यार्थ्याला महाविद्यालयात जागा देणे हे कायद्याचे काम आहे. त्या जागेवर तो टिकून राहील, हे पाहणे शाळा, घर आणि गाव यांचे काम आहे. आणि त्याचा आरंभ प्रवेशाच्या दिवशी नव्हे, तर नववीच्या वर्गात व्हावयास हवा.