पामतेलाच्या डब्यामागचे जंगल

पामतेलाचा भाव चढला की किराणा दुकानदार, बेकरीवाले, फरसाणवाले आणि साबण कारखानदार या सर्वांना झळ लागते. पामतेलाच्या आयातीत भारत जगात पहिला आहे आणि बहुतेक माल इंडोनेशिया व मलेशियातून येतो. म्हणून तेथील जंगलतोडीचा हवामानाशी काय संबंध, हे व्यापारी बांधवांनी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

हिशेब साधा आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. झाडाने तो हवेतूनच घेतलेला असतो. झाड जळाले अथवा कुजले की तो कार्बन डायऑक्साइड वायू होऊन परत हवेत जातो. एक टन कार्बनापासून सुमारे ३.६७ टन वायू होतो. पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता हा वायू अडवून धरतो. मानवामुळे हवेत जाणाऱ्या या वायूचा सुमारे दहावा हिस्सा जंगलतोड व जमिनीच्या वापरातील बदलातून येतो.

सुमात्रा व बोर्निओ बेटांवर तर नुकसान दुहेरी आहे. तेथील दलदलीत हजारो वर्षांचा झाडपाला पाण्याखाली पूर्ण न कुजता साठला आहे. काही ठिकाणी हा थर १० मीटरहून जाड आहे. लागवडीसाठी कालवे खणून पाणी काढले की तो वाळतो, कुजतो आणि पेटला तर जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसतो. १९९६ च्या सुमारास इंडोनेशिया सरकारने बोर्निओतील सुमारे १० लाख हेक्टर दलदल भातशेतीखाली आणण्याची योजना हाती घेतली. भात पिकला नाही, पण १९९७ च्या दुष्काळात तेथे प्रचंड आगी लागल्या. २०१५ सालीही आगींचा धूर सिंगापूर व मलेशियापर्यंत पोहोचला.

मग पामतेल सोडावे काय? तसे नाही. एका हेक्टरात पामचे तेल सोयाबीनच्या कित्येक पट निघते. दुसरे तेल घ्यावे तर जमीन जास्त लागेल. प्रश्न आहे तो लागवड कोठे होते याचा. इंडोनेशियाने मूळ जंगल व दलदलीवरील नवे परवाने २०११ साली थांबविले आणि २०१९ साली ही बंदी कायम केली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्यानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरील पामतेल, कॉफी, रबर, लाकूड आदी माल तेथे विकता येणार नाही. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली तरी निर्यातदारांनी मालाच्या उगमाची कागदपत्रे आतापासून जपावीत.

जंगल हे भांडवल आहे. भांडवल मोडून दाखविलेला नफा किती दिवस पुरतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.