जस्त झिजते, लोखंड टिकते

‘एचएमएस अलार्म’ ही ब्रिटिश आरमाराची नौका १७६३ साली वेस्ट इंडीजहून परतली, तेव्हा तिच्या तळाची कसून तपासणी झाली. लाकूड पोखरणाऱ्या सागरी जीवांपासून बचाव व्हावा म्हणून तळावर तांब्याचे पत्रे ठोकले होते. तांबे धड होते, पण पत्रे ठोकायला वापरलेले लोखंडी खिळे गंजून गेले होते आणि पत्रे ठिकठिकाणी सुटले होते. थोडे खिळे मात्र बऱ्यापैकी शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे या खिळ्यांखाली चुकून राहून गेले होते.

तांब्याचा स्पर्श टळला तिथे लोखंड वाचले. असे का व्हावे, हे त्या काळात कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते, कारण व्होल्टाची बॅटरी यायला अजून सदतीस वर्षे होती.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असावेत आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात असावेत, एवढ्यावर विद्युतघट तयार होतो. जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो, तो विरघळत जातो. त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या धातूकडे जातात आणि त्याची झीज थांबते. ‘अलार्म’वर हाच व्यवहार खिळ्यांच्या मुळावर आला होता.

रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी तो मुद्दाम घडवून आणला. आरमारी नौकांच्या तळांवरचे तांबेही समुद्रात हळूहळू झिजत असे आणि त्यावर मोठा खर्च होई. तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे जोडले, तर तांब्याऐवजी तेच झिजतील, असे डेव्हींनी १८२४च्या जानेवारीत रॉयल सोसायटीपुढे मांडले. या तुकड्यांना त्यांनी ‘प्रोटेक्टर’ म्हटले. कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’ या नौकेला बिडाचे असे तुकडे बसवून तिला नोव्हा स्कॉशियाला पाठवले. ती परतली, तेव्हा तिचे तांबे उत्तम स्थितीत होते.

मग एक अडचण उघडी पडली. तांबे झिजताना पाण्यात जे विषारी कण सोडते, त्यांच्यामुळेच बार्नॅकल आणि शेवाळ तळाला चिकटत नव्हते. प्रोटेक्टर लावलेल्या नौकांचे तांबे झिजेना, म्हणून विषही सुटेना, आणि तळावर कवचधारी जीवांचे थर चढून नौकांचा वेग मंदावला. १८२५ साली समुद्रावर जाणाऱ्या नौकांचे प्रोटेक्टर काढण्याचा हुकूम निघाला. डेव्हींचा हा प्रयोग फसला असे सर्रास लिहिले जाते, आणि ते अन्यायाचे आहे. त्यांचे रसायनशास्त्र अचूक होते. तांब्याची झीज हेच तांब्याचे काम आहे, ही गोष्ट तेवढी हिशेबात आली नव्हती.

आजच्या पोलादी जहाजांवर ही दोन्ही कामे वेगळी केलेली दिसतात. गंज रोखायला जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे तळाला जोडतात, तर जीव चिकटू नयेत म्हणून तांब्याचे ऑक्साइड असलेला रंग लावतात.

कोकणातल्या पडवीवरचा जस्ती पत्रा याच तत्त्वावर उभा आहे. फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ साली लोखंडावर जस्त चढवण्याचे पेटंट घेतले. अशा पत्र्यावर खिळ्याचा ओरखडा उठला, तरी आजूबाजूचे जस्त स्वतः झिजून उघड्या पडलेल्या लोखंडाला सांभाळते. कथिलाचा मुलामा दिलेल्या डब्याचे उलट होते. कथिल लोखंडापेक्षा मंद, त्यामुळे ओरखडा पडल्यावर डब्याचे लोखंड अधिकच वेगाने गंजते.

घरातल्या टाकीच्या गिझरमध्येही बहुधा मॅग्नेशियमची एक कांडी असते. पोलादी टाकीच्या आतल्या अस्तराला बारीक तडा गेला, की टाकीऐवजी ही कांडी विरघळते. पाणी क्षारयुक्त असेल, तर ती लवकर संपते. ती संपल्याचे बाहेरून काहीच कळत नाही, पाणी पूर्वीसारखेच तापत राहते आणि आत टाकीला गंज चढू लागतो. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाला कांडी बाहेर काढून दाखवायला सांगावे आणि ती आतल्या तारेपर्यंत झिजली असेल, तर लगेच बदलून घ्यावी.