वेरूळचे भोसले बेंगळूरला का गेले?

वेरूळला आलेला प्रवासी कैलास लेणे पाहतो, घृष्णेश्वराचे दर्शन घेतो आणि गाडीत बसतो. मालोजीराजांची गढी बहुतेकांची राहूनच जाते. मातीतून मोकळे केलेले जुन्या बांधकामाचे पाये आणि शहाजीराजांचे स्मारक बघायला मुद्दाम वाट वाकडी करावी लागते. भोसले घराण्याचा विषय निघाला की तीन वाक्ये मात्र ठरलेली असतात. भोसले मूळचे वेरूळचेच. शहाजीराजांनी वारा वाहील तसे धनी बदलले. आणि शेवटी बायको-मुलाला पुण्यात टाकून ते स्वतः परराज्यात, कर्नाटकात निघून गेले.

यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे. उरलेली दोन कागदपत्रांपुढे टिकत नाहीत.

भोसल्यांकडे पाटिलकी एकाच गावची नव्हती. भीमेच्या पट्ट्यातली हिंगणी बेर्डी आणि देऊळगाव ही गावे त्यांची म्हणून सांगितली जातात. वेरूळची पाटिलकी बाबाजी भोसल्यांच्या काळात या घराण्याकडे दिसते. म्हणजे वेरूळ हेही एका स्थलांतराचेच ठिकाण. बाबाजींचे मुलगे मालोजी आणि विठोजी निजामशाहीत शिलेदारी करत वर आले. मालोजींची बायको फलटणच्या निंबाळकरांची लेक, आणि सून, म्हणजे मुलगा शहाजीराजे यांची पत्नी जिजाबाई, सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची. शेतात पुरलेले धन देवीच्या कृपेने सापडले आणि भोसले मोठे झाले, ही वेरूळची लाडकी कथा. धनाचे देवीला माहीत. सोयरिकींचा उपयोग मात्र नक्की झाला. घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशी मालोजींचे नाव जोडलेले आहे. आज दिसते ते लाल दगडाचे देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेले. मालोजींनी बांधले म्हणून त्याच देवळाचे फोटो काढले जातात, तो आणखी एक गैरसमज जाता जाता निकालात निघावा.

आता धनी बदलण्याचे. शहाजीराजांच्या नोकऱ्यांची यादी नुसती वाचली तर डोके गरगरते: निजामशाही, आदिलशाही, पुन्हा निजामशाही, मोगल, पुन्हा निजामशाही, अखेर आदिलशाही. पण प्रत्येक वळणाला तारीख आहे आणि तारखेमागे कारण आहे. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे होते आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. विजयानंतर अंबरशी बिनसले आणि शहाजीराजे विजापूरला गेले. 1626 मध्ये अंबर वारला, 1627 मध्ये विजापूरचा इब्राहिम आदिलशाह गेला, आणि ते परत निजामशाहीत आले.

मग आला 25 जुलै 1629. दौलताबादच्या किल्ल्यात, म्हणजे वेरुळापासून पंधराएक किलोमीटरवर, निजामशाहीच्या दरबारी मुजऱ्याला गेलेल्या लखुजी जाधवरावांना दोन मुलगे आणि एका नातवासह कापून काढण्यात आले. ज्या सरकारने सासऱ्याचा मुडदा पाडला त्याच सरकारची चाकरी जावयाने निमूट करत राहावी, अशी अपेक्षा कोणाला असेल तर ती निष्ठेची कल्पना फार सोयीची म्हणायची. जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. त्यांना शिवनेरीवर ठेवले होते, कारण गडाचे किल्लेदार विजयराज नात्यात आले होते. शहाजीराजांचे थोरले चिरंजीव संभाजीराजे यांना त्यांचीच मुलगी दिलेली. 19 फेब्रुवारी 1630 ला शिवाजीराजांचा जन्म त्या गडावर झाला. याच सुमाराला विजापूरच्या मुरार जगदेवाने भोसल्यांच्या जहागिरीतले पुणे जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला, आणि 1630 ते 1632 असा दख्खनचा भीषण दुष्काळ पडला.

शहाजीराजे मोगलांकडे गेले ते या दिवसांत. पाच हजारी मनसब मिळाली. पण त्यांना दिलेला मुलूख मोगलांनी मलिक अंबरच्या मुलाला, फत्तेखानाला परत केला, तेव्हा 1632 मध्ये त्यांनी मोगलांना रामराम ठोकला. जून 1633 मध्ये दौलताबाद पडले आणि निजामशहा कैदेत गेला. तिथे बहुतेकांनी हिशेब मिटवला असता. शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशाही घराण्यातले एक पोर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालवले. ते मोडून काढायला 1636 मध्ये खुद्द शाहजहान दौलताबादला येऊन बसला. वारा वाहील तसा फिरणारा माणूस बुडत्या दौलतीसाठी दिल्लीच्या बादशहाशी तीन वर्षे झुंजत नाही.

मे 1636 मध्ये शाहजहान आणि आदिलशाह यांचा तह झाला. निजामशाहीची वाटणी झाली, आणि शहाजीराजांनी जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले सोडल्याशिवाय विजापूरने त्यांना चाकरीत घ्यायचे नाही, असे कलमच त्यात पडले. ऑक्टोबरमध्ये माहुलीच्या गडावर ते शरण आले. पुढे आदिलशाहीने त्यांना आपला सरदार रणदुल्लाखान याच्याबरोबर दक्षिणेत पाठवले. मोगल सरहद्दीपासून ते जितके लांब तितके विजापूर निर्धास्त. 1638 मध्ये तिथला नायक केंपेगौडा याच्याकडून बेंगळूर घेतले गेले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. तेव्हा ‘शहाजीराजे कर्नाटकात निघून गेले’ हे वाक्य जरा बदलायला हवे: त्यांना तिकडे नेमले गेले, आणि नेमणारे सरकार पुण्यावरही राज्य करत होते. आज ज्याला आपण परराज्य म्हणतो तशी भाषेची सीमा मध्ये नव्हतीच. तशी ती वेरूळकरांच्या पणजोबांनाही कायमची कुठे होती? हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबादेत होते, 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात आले, उंबरा न ओलांडता.

राहिला बायको-मुलाला टाकल्याचा आरोप. सगळ्यात जास्त बोलला जातो तो हाच, आणि पुराव्याला सगळ्यात कच्चा तोच.

त्या काळच्या सरदाराकडे दोन गोष्टी असत: वतन आणि चाकरी. चाकरी धनी नेईल तिकडे जाते. वतन जागचे हलत नाही, आणि घरचे माणूस बसवले नाही तर ते भाऊबंद गिळतात. पुणे, सुपे हा मुलूख तर जळालेला आणि दुष्काळाने ओस पडलेला. तो पुन्हा वसवायला कारभारी दादोजी कोंडदेव होतेच, पण मालकीण म्हणून जिजाबाईंचे तिथे असणे वेगळे. शिवाय मायलेक कायमचे पुण्यातच राहिले असेही नाही. 1640 ते 1642 च्या सुमाराला दोघे बेंगळुरात होते. तिथून परतताना शिवाजीराजांबरोबर कारभारी माणसे दिली गेली. थोरले संभाजीराजे वडिलांजवळ राहिले. एक मुलगा इकडच्या मुलखाला, एक तिकडच्या. गावाकडे एका भावाने शेती बघायची आणि दुसऱ्याने शहरात नोकरी धरायची, हे ज्या घरांत आजही चालते त्यांना यात नवल वाटू नये.

घर तुटलेले नव्हते याचा उघड पुरावा 1648 चा. जिंजीच्या वेढ्यात असताना 25 जुलैच्या पहाटे आदिलशाही सेनापती मुस्तफाखानाने बाजी घोरपड्याच्या हातून शहाजीराजांना पकडवले. सुटका झाली 16 मे 1649 ला, आणि तिची किंमत दोन्ही मुलांनी भरली: शिवाजीराजांनी कोंडाणा दिला, संभाजीराजांनी बेंगळूर. टाकून दिलेला मुलगा बापासाठी कष्टाने मिळवलेला किल्ला सहजी सोडत नसतो.

शहाजीराजे 23 जानेवारी 1664 ला होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून गेले. समाधीही तिथेच, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे. त्यानंतर दक्षिणेतल्या मराठ्यांविषयी आणखी एक गैरसमज सुरू होतो: तंजावरचे मराठे शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयातून तिकडे गेले. वास्तविक 1677 मध्ये महाराज तिकडे पोचले तेव्हा त्यांचे सावत्रभाऊ, तुकाबाईंचे चिरंजीव एकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसलेलेच होते. महाराजांनी त्यांच्याकडे मागितली ती वडिलांच्या मिळकतीतली वाटणी. बोलणी फिसकटली, एकोजीराजे रात्रीतून नदीपार निघून गेले, आणि मग लढाईही झाली. या एकोजींच्या वंशजांनी तंजावरला 1855 पर्यंत राज्य केले. एकोजींच्या मुलाने, शहाजी नावाच्याच राजाने, मराठीत नाटके लिहिली ती सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये मराठी रंगभूमीचा पडदा उघडण्याच्या दीडशे वर्षे आधी. 1803 मध्ये त्याच घराण्यातल्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळात मराठीत कोरवून घेतला. सांबाराचे नाव शिवाजीपुत्र संभाजीराजांवरून पडले, ही गोष्ट मात्र तिथल्या चवदार दंतकथांपैकी; तिला समकालीन आधार नाही.

भावाभावांतला तो तंटा मिटवला एकोजींच्या पत्नी दीपाबाईंनी. समेटात बेंगळूर आणि भोवतालचा मुलूख महाराजांनी या भावजयीला चोळीबांगडीसाठी म्हणून लावून दिला. 1687 मध्ये एकोजींनी तेच बेंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांना तीन लाखांना विकायला काढले. सौदा पुरा होण्याआधी मोगलांची फौज शहरात शिरली, आणि अखेर वोडेयारांनी ते मोगलांकडून घेतले.