घाटाचा हिशेब

दुकानाची किल्ली हाती आली, की सायकलीची किल्ली हातातून सुटते. आपल्या समाजातील कितीतरी घरांत हे घडलेले आहे. ज्या सायकलीवर तरुणपणी महाविद्यालय, पेढी आणि वसुली झाली, ती अडगळीत गेली. आधी स्कूटर, मग मोटार आली. गादीवरची बैठक वाढली, तसा रक्तदाबही वाढला. पुढे मुलांनी व्यवहार सांभाळल्यावर, पन्नाशी-साठीत जुनी ओढ पुन्हा जागी होते. घरात गिअरची सायकल येते आणि पुण्यातील मंडळी महाबळेश्वरचा संकल्प सोडतात.

संकल्प उत्तम आहे. पण तो जुन्या पतीवर करू नये. शरीर सायकलीचा तोल विसरत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशीच सारे जमल्यासारखे वाटते. दमसास मात्र सवय सुटल्यावर काही आठवड्यांतच घटू लागतो. वीस वर्षांपूर्वीची शिल्लक खात्यावर उरलेली नसते. सरावाने स्नायू लवकर सावरतात, गुडघ्याभोवतालच्या शिरा आणि सांधे सावकाश. म्हणून दोन-तीन महिने अंतर थोडे थोडे वाढवीत जावे. तत्पूर्वी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. मधुमेहाची काही औषधे आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकाएकी उतरू शकते, हेही विचारून घ्यावे.

पुणे ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. प्रथम कात्रज, शिरवळनंतर खंबाटकी, सुरूर फाट्यावरून वळून वाई आणि मग पसरणीचा घाट. वाई ते पाचगणी हे अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर. परंतु तेवढ्यात रस्ता सुमारे ६०० मीटर उंच चढतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले, तर केवळ हे वजन वर नेण्यासाठी शरीराला ५०० च्या आसपास उष्मांक खर्च करावे लागतात. हा खर्च चुकत नाही. तो किती वेळात करायचा, एवढेच आपल्या हाती असते. लहान गिअर त्यासाठीच असतो. ताशी सहा-सात किलोमीटरने, शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या श्वासात चढणारा दोन तासांत माथ्यावर पोहोचतो. पहिल्या वळणावर तरुणांची बरोबरी करणारा बहुधा मध्येच बसतो. दीर्घ खंडानंतर जाणाऱ्याने पहिल्या दिवशी वाईला मुक्काम करावा आणि घाट दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावा, हेच शहाणपणाचे.

आपले नियम या प्रवासाच्या आड येत नाहीत, उलट त्याला शिस्त लावतात. चातुर्मास संपल्यावर येणारा हिवाळा हाच योग्य काळ. डिसेंबरात नवकारशीपासून सूर्यास्तापर्यंत दहा तासांच्या आसपास अवधी मिळतो. चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचून आहार आटोपावाच लागतो; त्यामुळे अंधारात घाटात अडकण्याचा धोका आपोआप टळतो. नवकारशी होईपर्यंत सपाट रस्त्यावर सावकाश जावे, मग पोटभर न्याहारी करून चढाला भिडावे. सकाळी उकळलेले पाणी हिवाळ्यात चार प्रहर चालते, म्हणजे दिवसभराची सोय होते. बटाट्यावाचून काही अडत नाही. खजूर, केळी, चिक्की, खाकरा, मुरमुरे आणि गूळ पुरेसे होतात. मात्र उपवास, आयंबील किंवा एकासणे असलेल्या दिवशी घाट चढू नये. तपाची शक्ती तपालाच द्यावी.

श्रावकाच्या बारा व्रतांतील दिग्व्रतात दिशांची मर्यादा आखली जाते आणि तीत वरची, ऊर्ध्व दिशाही येते. आखलेली मर्यादा विसरणे हा त्या व्रताच्या अतिचारांपैकी एक आहे. घाटात नेमके हेच घडते. थकल्यास उतरून चालायचे, दुपारपर्यंत अमुक ठिकाणी न पोहोचल्यास परतायचे, असे घरी ठरलेले असते. माथा दिसू लागला, की स्वाराला त्याचा विसर पडतो. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, भोवळ यांपैकी काहीही जाणवल्यास तेथेच थांबून मदत मागवावी. ‘आता थोडेच राहिले’ या शब्दांनी अनेक धडधाकट माणसांचा घात केला आहे. म्हणून मर्यादा कागदावर लिहून एक प्रत घरी आणि एक सोबत्याकडे द्यावी.

सायकल हातात धरून घाट चालत चढण्यात कमीपणा नाही. आपले साधुसाध्वी तर अनवाणी विहार करीत कितीतरी घाट ओलांडतात. दीर्घ खंडानंतर निघालेल्याला माथा गाठल्याचा आनंद मिळेलच. परंतु स्वतःच्या आजच्या बळाचा खरा हिशेब मांडता आला, तर तो लाभ त्याहून मोठा आहे. पाचगणी पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे. वाट पाहणाऱ्या घरच्यांना मात्र माणूस सुखरूप परत हवा असतो.